गोळीचा रोग आणि कंत्राटी वैद्य

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या न्याय खात्याने आपल्या अनुदानांच्या यादीवर तांबडी रेघ ओढली. साडेतीनशेहून अधिक अनुदाने मुदत संपण्यापूर्वीच रद्द झाली. शहरांतील गरीब वस्त्यांमध्ये खून पडण्यापूर्वीच तो थांबवू पाहणाऱ्या अनेक संस्थांचे पैसे त्यांत होते. कारण थोडक्यात सांगण्यात आले : ही कामे खात्याच्या आताच्या अग्रक्रमात बसत नाहीत. सरकार बदलले की अनुदाने बदलतात, हा सर्वच देशांचा अनुभव आहे आणि एरवी त्यावर कोणी दोन ओळीही खर्चू नयेत. परंतु या वेळी ज्यांच्या हातचे काम गेले त्यांच्यातील अनेक स्त्रीपुरुष एकेकाळी तुरुंगात होते. आणि जे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले ते असे आहे की पोलीस, प्राध्यापक वा पुढारी यांच्यापैकी कोणालाही ते करता येत नाही. समाजाने ज्यांना एकदा टाकून दिले, त्यांच्याकडूनच आपले रक्षण करून घेतले आणि गरज भासेनाशी झाल्यावर पुन्हा टाकून दिले, असा हा प्रकार आहे. त्यामागचे अर्थकारण आणि राजकारण नीट पाहिले पाहिजे.

हे काम काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. शिकागोच्या पश्चिम किंवा दक्षिण भागात एखाद्या तरुणाला गोळी लागते. तो रुग्णालयात पडलेला असतो आणि बाहेर, वऱ्हांड्यात वा रस्त्याच्या कोपऱ्यावर, त्याचे भाऊ आणि मित्र जमलेले असतात. सूड कोणाचा घ्यायचा हे त्यांना ठाऊक असते, आणि हत्यार मिळणे त्या देशात कठीण नसते. दुसरा खून पडायचा की नाही याचा निर्णय त्या काही तासांत होतो. अशा वेळी त्या घोळक्यात एक माणूस येऊन उभा राहतो. तो त्याच वस्तीत वाढलेला असतो. कोणत्या घराचे कोणत्या घराशी वैर आहे हे त्याला माहीत असते. त्याने स्वतः कधी तरी असाच सूड घेतलेला असतो आणि त्याची किंमत तुरुंगात मोजलेली असते. उपदेश तो करीत नाही. बोलत बसतो, वेळ काढतो, एखाद्याला बाजूला घेऊन त्याच्या आईची आठवण करून देतो, दुसऱ्या बाजूला जाऊन निरोप पोचवतो. इंग्रजीत या लोकांना ‘इंटरप्टर’ म्हणतात. मराठीत ‘मध्ये पडणारे’ हा जुना शब्दप्रयोग त्यांना अधिक शोभेल. गावच्या भांडणात मध्ये पडणाऱ्याला दोन्ही बाजूंचा मार खावा लागतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. शिकागोत मार नसतो, गोळी असते.

एडी बोकानेग्रा हे या लोकांतील सर्वांत परिचित नाव. शिकागोच्या ‘लिटल व्हिलेज’ या भागात ते वाढले. मेक्सिकोतून आलेल्या कष्टकऱ्यांची ही वस्ती. आणि या वस्तीतच कुक परगण्याचा अवाढव्य तुरुंग उभा आहे. तेथल्या पोराला शाळेची इमारत दिसण्यापूर्वी तुरुंगाची भिंत दिसते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टोळीच्या वैरात, सूडाच्या भरात, कोवळ्या वयात बोकानेग्रांच्या हातून एका तरुणाचा खून झाला. चौदा वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात होते. या अपराधावर त्यांनी कधी पांघरूण घातले नाही, परिस्थितीच्या माथी तो मारून मोकळे झाले नाहीत. आणि त्यांच्या पुढील कामाला जे वजन आले ते बरेचसे या प्रांजळपणामुळे आले. बाहेर आल्यावर ते शिकागोतील ‘सीजफायर’ या उपक्रमात मध्ये पडणारे म्हणून काम करू लागले. स्टीव्ह जेम्स यांनी काढलेल्या ‘द इंटरप्टर्स’ या २०११ च्या माहितीपटात ते दिसतात : शाळकरी मुलांना चित्रकला शिकवणारे, भाऊ गमावलेल्या मुलीशी हळू आवाजात बोलणारे, आणि स्वतःच्या कृत्याबद्दल बोलताना ज्यांचे शब्द अडतात असे.

त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट या सर्व विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. त्यांचा भाऊ अमेरिकेच्या सैन्यात होता. युद्धावरून परतल्यावर त्याला झोप लागेना, आवाजाने तो दचके, संतापाने पेटून उठे. लष्कराच्या वैद्यांनी त्याचे निदान केले, त्याला उपचार मिळाले, आजाराला नाव मिळाले. भावाची लक्षणे ऐकताना बोकानेग्रांच्या लक्षात आले की ही सारी लक्षणे आपलीही आहेत आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या मुलाची आहेत. फरक एवढाच, की सैनिकाच्या जखमेला देश औषध देतो आणि गल्लीतल्या पोराच्या त्याच जखमेला बेडी घालतो. यातूनच पुढे त्यांनी माजी सैनिक आणि वस्तीतील मुले यांना एकत्र बसवून बोलते करणारा उपक्रम सुरू केला. आरोग्यातील समता या शब्दांवर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण एकाच घरातल्या दोन भावांच्या या उदाहरणाने जे सांगितले आहे ते ग्रंथांत सहसा इतके उघडे सापडत नाही.

‘सीजफायर’ची कल्पना मात्र एका वैद्याची. डॉ. गॅरी स्लटकिन हे साथरोगतज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोग, सोमालियाच्या निर्वासित छावण्यांत पटकी, नंतर जागतिक आरोग्य संघटनेत राहून आफ्रिकेतील एड्स, असा त्यांचा अनुभव. १९९५ च्या सुमारास शिकागोला परतल्यावर त्यांनी खुनांचे नकाशे पाहिले आणि त्यांना त्यांत साथीचे नकाशे दिसले. एका घटनेजवळ दुसरी, तिच्यापासून तिसरी. रोगी माणूस दुसऱ्याला रोग देतो तसा गोळी लागलेला माणूस, किंवा त्याचा आप्त, पुढची गोळी चालवतो. मग साथीवर जे उपाय करतात तेच येथे का करू नयेत? लागण झालेल्यास आधी गाठा, त्याच्यापासून पुढे होणारा प्रसार तोडा, वस्तीतील रीत बदला. क्षयाच्या मोहिमेत ज्यांनी स्वतः तो रोग भोगला आहे अशा वस्तीकऱ्यांना आरोग्यसेवक म्हणून घेतात, तसे येथे तुरुंग भोगलेल्यांना घेतले. २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या भागात काम सुरू झाले. पुढे समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाख्रिस्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांच्या नोंदी तपासून दाखवले की शिकागोत गोळी लागून जगलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक एकमेकांशी जोडल्या गेलेल्या अशा एका जाळ्यात होते की ज्यात शहराच्या लोकसंख्येचा ६ टक्क्यांहून कमी हिस्सा येतो. तेव्हा साथीची उपमा निव्वळ उपमा नव्हती. तिच्यात तथ्य होते.

या दृष्टीने एक मोठे काम केले हे नाकारण्यात अर्थ नाही. गुन्हेगारी हा काळ्या वा तपकिरी माणसाच्या रक्तातला दोष आहे, या अमेरिकेतील रुजलेल्या समजुतीला तिने छेद दिला. रोग्याचा द्वेष कोणी करीत नाही. परंतु साथरोगशास्त्राची एक जुनी परंपरा आहे आणि तिचा अर्धाच भाग शिकागोच्या कारभाऱ्यांनी उचलला. १८४८ साली रुडॉल्फ विर्खो या तरुण जर्मन वैद्याला प्रशियन सरकारने सायलेशियात टायफसची साथ पाहण्यासाठी पाठवले. परत येऊन त्याने जो अहवाल दिला त्यात औषधांची यादी नव्हती. पूर्ण लोकशाही, शिक्षण, जमीनदारांवर कर आणि गरिबांना पोटभर अन्न, ही त्याची औषधयोजना होती. सरकारला तो अहवाल आवडला नाही हे वेगळे सांगायला नको. साथ जंतूने येते हे खरेच. पण ती नेमकी कोणाच्या झोपडीत मुक्काम करते, हा प्रश्न जंतूला विचारून सुटत नाही. हिंसेला रोग म्हणायचे असेल तर हा दुसरा प्रश्नही विचारलाच पाहिजे. तो न विचारता नुसते ‘रोग’ म्हणणे सोयीचे असते, कारण रोगाला कर्ता नसतो.

लॉनडेलच्या बाबतीत कर्ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. लिटल व्हिलेजचे सरकारी नाव साऊथ लॉनडेल; त्याला लागूनच नॉर्थ लॉनडेल ही काळ्या लोकांची वस्ती. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि काळ्यांच्या वस्त्यांभोवती तांबडा रंग फासला. तेथे कर्ज देणे धोक्याचे ठरले. बँकेचे दार बंद झाल्यामुळे पन्नाशी-साठीच्या दशकांत काळ्या कुटुंबांनी दलालांकडून करारावर घरे घेतली : किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर, आणि एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही. त्याविरुद्ध नॉर्थ लॉनडेलच्या रहिवाशांनी १९६८ मध्ये संघटना करून लढा दिला. तोवर कारखाने निघू लागले होते. शेजारच्या सिसेरोतील वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, ज्यात भरभराटीच्या काळी चाळीस हजारांवर माणसे राबत, १९८३ मध्ये बंद झाला. सीअर्स कंपनीने त्याआधीच आपले मुख्यालय नॉर्थ लॉनडेलमधून हलवून शहराच्या मध्यभागी गगनचुंबी इमारतीत नेले होते. १९६० साली नॉर्थ लॉनडेलची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती. आज ती पस्तीस हजारांच्या घरात आहे. कारखाना गेला, दुकान गेले, ज्याला जाता आले तो गेला. राहिलेल्यांच्या पोरांना मालकी कशाची, तर एका कोपऱ्याची. आणि त्या कोपऱ्यावर चालणाऱ्या चोरट्या व्यापाराची. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या चाळींत काय घडले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला कार्यकारणभाव समजावून सांगण्याची गरज नाही.

आता २०१२ हे एक साल घ्यावे. त्या वर्षी शिकागोत खुनांची संख्या पाचशेवर गेली आणि महापौर राम इमॅन्युएल यांच्या प्रशासनाने शहराच्या आरोग्य खात्यामार्फत ‘सीजफायर’ला दहा लाख डॉलर दिले. हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे हे शहराने मान्य केले म्हणून टाळ्या पडल्या. त्याच वर्षी त्याच प्रशासनाने खर्च वाचवण्यासाठी शहराच्या बारा मनोरुग्ण-चिकित्सालयांपैकी सहा बंद केली. पुढच्या वर्षी पन्नासच्या आसपास सार्वजनिक शाळांना टाळे लागले, त्यांतील बहुतेक काळ्या वस्त्यांमधल्या. आणि ते दहा लाख डॉलर? वर्ष सरल्यावर तो करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. म्हणजे एका हाताने रोगाचे नाव घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने दवाखाना बंद करायचा. ज्या माणसांना चिकित्सालयात जाता आले नाही त्यांच्यातील कित्येक शेवटी लिटल व्हिलेजमधल्या त्या तुरुंगात पोचले. तेथे मनोरुग्ण इतके वाढले की २०१५ मध्ये तुरुंगाच्या प्रमुखपदी एका मानसशास्त्रज्ञ बाईंची नेमणूक करावी लागली. नेमणूक चांगलीच होती. पण बाहेर जे उपचार नाकारायचे ते मिळवण्यासाठी माणसाने आधी कैदी व्हावे, ही व्यवस्था कोणत्या शहाणपणात बसते?

गोळी लागलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा तर आरोग्यसमतेचा अगदी उघडा हिशेब. गंभीर जखमींसाठी जे खास अपघात-केंद्र लागते ते शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९८८ मध्ये प्रौढांसाठी बंद केले. कारण तोट्याचे होते. गोळी लागून येणाऱ्याकडे विमा क्वचितच असतो. पुढे जवळच्या दुसऱ्या रुग्णालयातील केंद्रही गेले आणि शहराच्या साऱ्या दक्षिण भागात, जेथे गोळीबार सर्वाधिक, असे एकही केंद्र उरले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डेमियन टर्नर हा अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्यांसाठी झाडलेल्या गोळ्यांत सापडला. विद्यापीठाचे रुग्णालय तेथून हाकेच्या अंतरावर होते. त्याला शहराच्या उत्तरेकडील रुग्णालयात, कित्येक मैल दूर न्यावे लागले आणि तो मेला. हा मुलगा स्वतः तरुणांच्या एका हक्क-संघटनेच्या संस्थापकांपैकी होता. त्याच्या सोबत्यांनी, त्याच्या आईने, चर्चच्या लोकांनी आणि विद्यापीठाच्याच काही विद्यार्थ्यांनी पाच वर्षे आंदोलन चालवले. धरणी धरली, अटका करून घेतल्या. ओबामांच्या नियोजित स्मारक-केंद्रासाठी विद्यापीठ धडपडत होते तेव्हा त्याला नेमके तेथेच अडवले. दरम्यान २०१३ मध्ये शिकागोच्याच संशोधकांनी आकडेवारीने दाखवून दिले की अशा केंद्रापासून पाच मैलांहून दूर गोळी लागलेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते. शेवटी विद्यापीठ नमले आणि १ मे २०१८ रोजी केंद्र उघडले. एवढी साधी गोष्ट मिळवायला तीस वर्षे आणि एक मुलगा लागला. त्याच शहराबद्दल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आकडा जगभर गाजला : सरोवराकाठच्या श्रीमंत स्ट्रीटरव्हिल भागात माणूस सरासरी ९० वर्षे जगतो, आणि काही मैलांवरील एंगलवूडमध्ये ६०. हा तीस वर्षांचा फरक काही एकट्या पिस्तुलाने पाडलेला नाही. मधुमेह, हृदयरोग, कर्करोग आणि बाळंतपणातले मृत्यू यांचाही त्यात वाटा आहे, आणि या साऱ्यांचा नकाशा त्या जुन्या तांबड्या नकाशावर बराचसा बेतशीर बसतो.

तुरुंगातून आलेल्या माणसाने वस्तीत शांतता आणणे आणि दवाखाना चालवणे ही कल्पना शिकागोत काही २००० साली जन्मली नाही. १९६८ मध्ये होसे ‘चा चा’ हिमेनेस हा पोर्तो रिकन तरुण अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होता. तेथे त्याने मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स वाचले, आणि सुटल्यावर आपल्या ‘यंग लॉर्ड्स’ या टोळीचे रूपांतर राजकीय संघटनेत केले. या टोळीने चर्चच्या जागेत मोफत दवाखाना उघडला, पाळणाघर चालवले, गरिबांना हुसकावणाऱ्या नगर-नूतनीकरणाविरुद्ध मोर्चे काढले. त्यांचा मित्र फ्रेड हॅम्प्टन, ब्लॅक पँथर पक्षाच्या इलिनॉय शाखेचा अध्यक्ष, वय एकवीस. एकाहत्तर डॉलरचे आइसक्रीम लुटून वाटल्याच्या आरोपावरून १९६९ मध्ये त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा झाली होती. अपिलाच्या जामिनावर तो बाहेर आला. काळ्या, पोर्तो रिकन आणि डोंगराळ भागातून आलेल्या गरीब गोऱ्या तरुणांची त्याने आघाडी बांधली, मुलांना सकाळची न्याहारी दिली, आणि टोळ्यांना सांगितले की आपसात मरू नका.

सरकारची यावरची प्रतिक्रिया नोंदलेली आहे. जानेवारी १९६९ मध्ये एफबीआयने ‘ब्लॅकस्टोन रेंजर्स’ या बलाढ्य टोळीचा प्रमुख जेफ फोर्ट याला एक निनावी पत्र पाठवले. पँथरवाले तुझ्या जिवावर उठले आहेत, असा त्याचा आशय. पत्र कशासाठी होते, तर फोर्टने चिडून पँथरांवर हल्ला करावा आणि दोन्ही संघटनांतील बोलणी मोडावीत, यासाठी. हे कोणा विरोधकाचे म्हणणे नव्हे; अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीने १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. मध्ये पडणारे दोघांतले वैर मिटवतात. येथे सरकार मध्ये पडले होते ते वैर पेटवण्यासाठी. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून हॅम्प्टनला ठार केले. तो बिछान्यात होता. घराचा आराखडा एका खबऱ्याने आधीच पुरवला होता. पुढे तेरा वर्षांनी, १९८२ मध्ये, साडेअठरा लाख डॉलरची भरपाई देऊन खटला मिटवण्यात आला. त्याच्या सहकाऱ्यांनी मात्र १९७० च्या आरंभीच पश्चिम भागात मोफत दवाखाना उघडला. मुंबईत १९७२ मध्ये ज्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले त्यांनी ते या चळवळीवरून घेतले होते. तेव्हा हॅम्प्टनची कथा मराठी वाचकाला अगदीच परकी नाही.

१९६९ चे कार्यकर्ते आणि आजचे मध्ये पडणारे यांची माती एकच आहे. तीच वस्ती, तोच तुरुंग, तेच कसब. फरक असा की पहिले दवाखान्याबरोबर घरभाड्याचा, पोलिसांचा, सत्तेचा प्रश्न विचारीत होते, म्हणून त्यांना गोळी मिळाली. दुसऱ्यांनी हे प्रश्न विचारू नयेत या अलिखित अटीवर त्यांना पगार मिळतो. यात बोकानेग्रा किंवा त्यांचे सहकारी यांचा कमीपणा नाही. ज्याच्यासमोर आज रात्री एक जीव वाचवायचा आहे त्याने आधी समाजरचना बदलावी असे सांगणे हा पुस्तकी क्रूरपणा होईल, आणि समाजवादी म्हणवणाऱ्यांकडून तो पुष्कळदा घडतो. पण अट कोणाच्या हिताची आहे हे विसरता कामा नये.

या कामाचा उपयोग होतो का, असा प्रश्न विचारणारे सगळेच द्वेष्टे नसतात. ‘सीजफायर’च्या मूल्यमापनांत काही वस्त्यांत गोळीबार घटल्याचे दिसले, काहींत ठळकपणे दिसले नाही. नेमलेल्यांपैकी काही जण पुन्हा गुन्ह्यांत सापडले आणि पोलिसांनी त्याचा गाजावाजा केला. बोकानेग्रांना स्वतःला असे वाटू लागले असावे की रात्रीचे भांडण मिटवले तरी सकाळी त्या पोराला जायला जागा हवी. २०१७ पासून त्यांनी ‘रेडी शिकागो’ या मोठ्या उपक्रमाची धुरा घेतली. गोळी झाडण्याचा वा खाण्याचा धोका ज्यांना सर्वाधिक अशा पुरुषांना अठरा महिने मजुरीचे काम आणि त्याबरोबर, संताप आणि कृती यांच्या मधल्या क्षणी थांबायला शिकवणारा मानसोपचार, असे त्याचे स्वरूप होते. अभ्यासात घेतलेल्या सुमारे अडीच हजार पुरुषांपैकी जवळजवळ पस्तीस टक्क्यांना पूर्वी कधी तरी गोळी लागलेली होती; यावरून कोणत्या थरापर्यंत हे लोक पोचले याची कल्पना येईल. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हे काम देऊ करण्यात आले आणि दोन्ही गटांची तुलना झाली. निष्कर्ष सरळ नव्हता. सर्व प्रकारची गंभीर हिंसा एकत्र मोजली तर निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही. पण गोळीबार आणि खून यांसाठी होणाऱ्या अटका सुमारे ६५ टक्क्यांनी कमी झाल्या. संशोधकांनी सावधपणेच हे मांडले आहे. तरीही ज्या पोरांना ‘हे सुधारणार नाहीत’ म्हणून सर्वांनी सोडले होते त्यांना रोजगार देऊ केला तर ते कामावर येतात, हे एवढे तरी सिद्ध झाले. त्यासाठी विद्यापीठाच्या प्रयोगाची गरज पडावी, यातच त्या समाजाचे निदान आहे.

शिकागोत २०२१ मध्ये सुमारे आठशे खून झाले होते; २०२४ मध्ये ते सहाशेच्या खाली आले. याचे सारे श्रेय मध्ये पडणाऱ्यांना देणे चूक होईल. महासाथीचा काळ ओसरल्यावर अनेक शहरांत अशी घट झाली. पण मग २००७ कडेही पाहावे, जेव्हा राज्यपालांनी एका फटकाऱ्यात ‘सीजफायर’चे पैसे तोडले आणि बहुतेक माणसे घरी बसली, आणि २०१५ कडेही, जेव्हा राज्याच्या अंदाजपत्रकाच्या साठमारीत ते पुन्हा थांबले. २०१६ मध्ये शहरात साडेसातशेहून अधिक खून झाले. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. परंतु कोणत्याही शहराने आपले अग्निशामक दल दर सात-आठ वर्षांनी बरखास्त करून पाहिलेले नाही, कारण तसे पाहावे असे कोणाला वाटत नाही.

खरा मुद्दा येथे आहे. अग्निशामकाला कायम नोकरी असते, निवृत्तिवेतन असते, कामावर इजा झाली तर कुटुंबाची सोय असते. त्याची संघटना असते. मध्ये पडणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांचा करार मिळतो. त्याची पात्रता म्हणजे त्याचा तुरुंगवास. आणि हाच तुरुंगवास घर भाड्याने घेताना, दुसरी नोकरी मागताना, अनेक धंद्यांचे परवाने काढताना त्याच्या आड येतो. त्याचे भूतकाळातील पाप समाज भांडवल म्हणून वापरतो, पण त्यावरचे व्याज त्याला देत नाही. रात्री-अपरात्री प्रेते पाहणाऱ्या या माणसांच्या स्वतःच्या मनाला जखमा होतात. बोकानेग्रांच्या भावाला जो उपचार मिळाला तो यांना कोण देणार? हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असेल तर हे लोक सार्वजनिक आरोग्यसेवक आहेत आणि त्यांना आरोग्य खात्याच्या पटावर, कायम वेतनश्रेणीत, संघटनेच्या हक्कासह घेतले पाहिजे. बंद केलेली चिकित्सालये उघडली पाहिजेत. आणि ज्या संशोधनाच्या आधारे हे सारे मांडायचे, त्याच्यावरील दडपणही दूर राहिले पाहिजे : १९९६ मध्ये बंदूक-समर्थकांच्या दबावगटाने काँग्रेसकडून अशी तरतूद करून घेतली की रोगनियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेने बंदुकीच्या बळींवरील अभ्यास जवळपास सोडूनच दिला, आणि त्यासाठी पुन्हा पैसे मंजूर व्हायला २०१९ चा शेवट उजाडला. रोगाचा अभ्यास होऊ नये असे जंतूला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जंतूंच्या बाजूने कायदेमंडळात मते पडलेली अन्यत्र ऐकिवात नाहीत.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शस्त्रविषयक एक कायदा केला आणि त्यात वस्त्यांमधील हिंसा रोखणाऱ्या कामांसाठी पाच वर्षांकरिता २५ कोटी डॉलर ठेवले. त्याच वर्षी न्याय खात्याने या विषयावरील वरिष्ठ सल्लागार म्हणून एडी बोकानेग्रा यांना बोलावून घेतले. खुनाची शिक्षा भोगलेला माणूस न्याय खात्याच्या कचेरीत सल्लागार म्हणून बसतो, याचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. एप्रिल २०२५ चे रद्दीकरणाचे कागद याच खात्यातून निघाले. शिकागोच्या कुठल्या तरी रुग्णालयात त्याही रात्री एखादा तरुण गोळी लागून आला असेल. शल्यवैद्याने आपले काम केले असेल, कारण त्याची नोकरी कायम आहे. वऱ्हांड्यात त्याचे मित्र जमले असतील, आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी ज्याने यायचे त्याच्या हाती आदल्या आठवड्यातच कामावरून कमी केल्याचे पत्र पडले असेल.